समोर पाचच गडी होते, बोनस कुठून येणार?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी कबड्डी नियमित बघतो. टीव्हीवरच्या विश्लेषकांचं बोलणं ऐकून आता चीड यायला लागली आहे. परवाच्या सामन्यात स्टुडिओतला तज्ज्ञ मध्यंतरभर सांगत होता की पंचांनी बोनस नाकारून अन्याय केला. माझी चौथीतली मुलगी म्हणाली, 'बाबा, समोर पाचच जण होते ना?' या लोकांना खेळ खरंच कळतो का? की आम्हीच जास्त चिकित्सक झालोय? आवाज बंद करून बघावं का?"

मुलीचं बरोबर आहे, तज्ज्ञाचं चूक. बोनस म्हणजे समोरच्या अंगणातली खोलवरची बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, आणि समोर किमान सहा बचावपटू असतील तरच त्या रेषेला किंमत. पाच असतील तर चढाईपटू ती रेषा ओलांडून पलीकडे फुगडी घालून आला तरी हाती शून्य. हा काही नियमपुस्तिकेच्या तळाशी दडलेला बारकावा नाही, शाळेच्या संघातला पोरगा पहिल्या आठवड्यात शिकतो. तेव्हा तुमची चीड रास्त आहे. पण "यांना खेळ कळतो का" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतं तितकं सरळ नाही. दोन्ही बाजूंनी बसून बघितलंय म्हणून जरा लांबण लावतो.

मी राइट कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या उजव्या टोकाला, खेळायचो. गुडघा गेला तेव्हा शिट्टी हातात घेतली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं पंचगिरी केली. परळ-लालबागच्या मंडळांच्या स्पर्धांपासून राज्य पातळीपर्यंत. मध्ये दोन मोसम एका वाहिनीच्या मराठी प्रक्षेपणाच्या खोलीत, कॅमेऱ्यामागे, "नियमांचे काका" म्हणून बसलो होतो. वाहिनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नव्हता.

त्या खोलीतल्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक राष्ट्रीय पातळीवर खेळलेले होते. त्यांच्या चढाया मी स्वतः पंच म्हणून पाहिलेल्या. त्यांना खेळ कळत नाही असं म्हणण्याची माझी छाती नाही. पण खेळ अंगात असणं ही एक गोष्ट, तो शब्दांत सांगता येणं ही दुसरी, आणि नियम माहीत असणं ही तिसरीच. पंधरा वर्षं खेळलेला माणूस नियम त्याच्या कामापुरते शिकतो. पक्का बचावपटू असेल तर बोनसच्या वेळी मागच्या पायाचं काय व्हायला हवं हे त्याने कधी वाचलेलं नसतं, त्याला फक्त कधी झडप घालायची ते कळतं. मोठमोठे खेळाडू सामन्यात माझ्याशी तावातावाने भांडायला आलेत, आणि भांडत होते त्या नियमाची बाजू उलटी होती.

हे कबड्डीतच होतं असंही नाही. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. गप्टिलचा थ्रो स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला आणि इंग्लंडला सहा धावा मिळाल्या. थ्रो सुटला त्या क्षणी फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, म्हणून पाचच द्यायला हव्या होत्या, हे नंतर सांगितलं सायमन टॉफल यांनी, म्हणजे एका माजी पंचाने. नियम ज्याच्या पोटापाण्याचा विषय असतो त्याला तो आठवतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पंचाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: पाय बघ. चेहरा बघू नकोस, ओरडणारा प्रशिक्षक बघू नकोस, प्रेक्षक तर नाहीच नाही. निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने निदान ओलांडायचीच ती रेषा, ओलांडली का, हे पायावरून कळतं. बोनस पायावरून. गडी राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला का, पायावरून. पकड होणार की फसणार हेसुद्धा आधी पायातच दिसतं. हात नंतर येतात. पुरुषांच्या मैदानात एका बाजूचं अंगण साडेसहा मीटर लांब. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिथून मीटरभर पुढे बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून मागची अंतिम रेषा पावणेदोन मीटरवर. सगळं नाट्य या शेवटच्या पावणेदोन मीटरच्या पट्टीत आणि तिच्या दोन कोपऱ्यांत चालतं.

टीव्ही काय दाखवतो? चढाईपटू मध्यरेषेवर वाकून मॅटला हात लावतो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम. चढाई सुरू होताना बचाव कसा उभा आहे, कॉर्नर किती खोल आहेत, कव्हर, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या बाजूचा बचावपटू, पुढे सरकलाय का, हे बघण्याची नेमकी तीच वेळ असते आणि नेमका तेव्हाच पडदाभर घाम. मग चढाई होते. मग हाताचा स्पर्श लागला की नाही याचा संथ गतीतला रिप्ले. आणि समालोचक बऱ्याचदा मैदानात नसतोच. प्रादेशिक भाषांचं समालोचन अनेकदा स्टुडिओतून, पडदा बघून होतं. म्हणजे तुम्हाला जे दिसतं तेच त्याला दिसतं. तुमच्या मुलीने पाच गडी मोजले, कारण तिला बोलायचं नव्हतं. तो बोलत होता, म्हणून त्याने मोजले नाहीत.

एक प्रसंग सांगतो. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात सूत्रसंचालक जोशात म्हणाला, "बोनस मिळाला, आणि यासोबत एक खेळाडू जिवंत होऊन मैदानात परत येणार!" बोनसच्या गुणाने गडी उठत नाही. स्पर्शाचा किंवा पकडीचा गुण असेल तर उठतो. मी चिठ्ठी लिहिली: "बोनसने गडी उठत नाही." चिठ्ठी काचेपलीकडे निर्मात्याच्या टेबलावर गेली. त्याने वाचली, माझ्याकडे बघून हसला, आणि माइकवर सूत्रसंचालकाच्या कानात म्हणाला, "एनर्जी कमी पडतेय, वाढव." चिठ्ठी घडी करून त्याने चहाच्या कपाखाली ठेवली. सामना संपेपर्यंत ती तिथेच होती, कपाचा गोल डाग पडून.

नंतर चहाला बाहेर उभे असताना त्याच समालोचनातला माजी खेळाडू मला म्हणाला, "काका, मला दिसतं सगळं. कॉर्नर आज अर्धा फूट पुढे उभा राहतोय, म्हणून लोक त्याच्या मागून जातायत. पण हे सांगायला मला वेळ किती? पाच सेकंद." तो खरं बोलत होता. कबड्डीत एक चढाई संपली की पाच सेकंदांच्या आत दुसऱ्या संघाने चढाईपटू पाठवायचा असतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये निवांत अर्धा मिनिट मिळतो. गावसकरांपासून सगळ्यांचं समालोचन त्या अर्ध्या मिनिटात फुललं. आपल्याकडे कबड्डीचं प्रक्षेपण बांधलं गेलं ते क्रिकेटच्या मापाने. एक बोलका सूत्रसंचालक, शेजारी एक माजी खेळाडू, मध्यंतराला चकचकीत पट्ट्या आणि आकडे. माप दुसऱ्याचं, सदरा आपला. मग काखेत उसवणारच.

वेळ नाही म्हणून काय होतं? माणूस निकाल बघून बोलायला लागतो. माझ्या लेखी हा अज्ञानापेक्षा मोठा रोग आहे. एकच पकड घ्या. कव्हरने चढाईपटू निदान रेषेच्या अलीकडे असतानाच पुढे जाऊन अंगावर धडक दिली. यशस्वी झाली तर, "काय धाडस, काय आत्मविश्वास!" फसली तर, "काय गरज होती पुढे जायची? अनुभव कमी पडला." पकड तीच, जागा तीच, वेळ तीच. विश्लेषण म्हणून आपण ऐकलं ते प्रत्यक्षात गुणफलकाचं वाचन होतं.

बघायला हवं होतं ते वेगळंच. ती चढाई कितवी होती? एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. अशा तिसऱ्या चढाईत वीस सेकंद उलटून गेले असतील तर घाई कोणाला आहे? चढाईपटूला. तीस सेकंद संपले की तो आपोआप मरतो. बचावाने फक्त अंतर राखायचं. त्या क्षणी कव्हरने झेप घेतली तर ती पकड यशस्वी झाली तरी चूकच होती. प्रशिक्षक बाकावर बसून डोक्याला हात लावतो आणि टीव्हीवर टाळ्या वाजतात. पुढच्या सामन्यात तोच पोरगा तशीच झेप घेतो, गडी सुटून तीन जणांना मारून जातो, आणि सगळे म्हणतात, आज लय बिघडली.

रिकाम्या चढाईचंही तेच. "वेळ काढतोय", "घाबरलाय", "प्रेक्षकांना हे आवडणार नाही." अहो, प्रेक्षकांना आवडावं म्हणून तो चढाईला गेलेला नसतो. हिशोब करा: दोन मिनिटं उरलीत, आपण चार गुणांनी पुढे. दोन्ही संघांनी पुरते तीस सेकंद घेतले तर उरल्या चार चढाया, आपल्या दोन, त्यांच्या दोन. आपल्या दोन्ही रिकाम्या गेल्या तरी तिसरी येतच नाही, घड्याळ संपतं. समोरच्याने घाई करून झटपट चढाया केल्या तर हिशोब बदलतो, पण घाईत चढाईपटू खोलवर शिरतो आणि पकडला जातो. आपल्याला हवं तेच. ही अर्ध्या मिनिटाची शांत चढाई, जिच्यात काहीच घडत नाही, कधीकधी सामन्यातली सगळ्यात हुशार चढाई असते. तिच्याबद्दल बोलायचं सोडून स्टुडिओ त्या वेळी कोणाला तरी लिलावात मिळालेल्या किमतीबद्दल बोलत असतो.

समोर तीनच गडी उरले की रिकामी चढाई आणखी बोलकी होते. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर त्यांना दोन गुण, सुपर टॅकल. म्हणजे लोण चढवायच्या, समोरचा सगळा संघ बाद करायच्या, मोहात आत शिरणारा चढाईपटू मोठी जोखीम घेत असतो. त्याने जावं की थांबावं यावर दोन चांगले प्रशिक्षक रात्रभर भांडतील. माझं मत थांबण्याकडे झुकतं, माझ्या जुन्या प्रशिक्षकांचं उलट होतं. हा वाद टीव्हीवर ऐकायला मिळाला तर मी जाहिराती पण बघेन.

पकडीच्या श्रेयाबद्दल थोडं स्वतःचं सांगतो. मी कॉर्नरला होतो म्हणून माझ्या नावावर पकडी भरपूर. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत असावा लागतो, तरच बोनस. म्हणजे त्या क्षणी सबंध माणूस एका पायावर उभा असतो. तोच क्षण कॉर्नरचा. खाली जायचं आणि टेकलेल्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरायचा. दिसायला फार देखणं. पण धरल्यावर काय? शंभर किलोचा गडी नसला तरी पंच्याऐंशी किलोचा असतोच. त्याचा दुसरा पाय मोकळा, हात मोकळे, आणि मध्यरेषा पाच मीटरवर. त्याने अंग पुढे झोकून दिलं तर मला फरफटत नेईल. नेत नसे, कारण माझ्या शेजारचा राइट कव्हर तोवर त्याच्या छातीसमोर भिंतीसारखा उभा ठाकलेला असायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, मी पकडला. वहीत गुण माझ्या नावावर. त्या मित्राचं नाव वर्तमानपत्रात आयुष्यात दोनदा छापून आलं, त्यातलं एक चुकीच्या स्पेलिंगने.

आता टीव्हीवर आकड्यांची पट्टी येते: अमुक कॉर्नर, पाच पकडी, "हाय फाइव्ह". पट्टी खोटी नाही. पण विश्लेषकाचं काम पट्टी वाचून दाखवणं नाही, ती आपल्यालाही वाचता येते. त्या पाच पकडींत रस्ता कोणी बंद केला, आणि कव्हर अर्धं पाऊल उशिरा आला म्हणून सहावी कशी सुटली, हे सांगायला माणूस हवा. हे सांगू शकणारे लोक त्याच खुर्चीत बसलेले असतात, हेच तर वाईट.

चीनमधल्या हांगझोऊचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. 7 ऑक्टोबर 2023, आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. 2018 मध्ये याच इराणने आपल्याला उपांत्य फेरीत हरवून 1990 पासूनची सुवर्णांची मालिका तोडली होती, तेव्हा जखम ताजी. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार, आकाश शिंदे संघात, म्हणून आमच्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमलेली. 28-28 बरोबरी, दीड मिनिटाच्या आत खेळ बाकी, भारताच्या पवन सेहरावतची तिसरी, निर्णायक चढाई. कोणालाही न शिवता पवन राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याला धरायला इराणचे गडी त्याच्यामागे तिथेच उतरले.

राखीव क्षेत्र म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या पट्ट्या. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की मैदान दहा मीटर रुंद होतं. तोवर ते आठच मीटरचं. स्पर्शाआधी त्या पट्टीत पाय ठेवला की गडी बाद. मग मागून गेलेल्या बचावपटूंचं काय? जुना नियम म्हणतो, तेही बादच, स्पर्श नसताना तेही बाहेर गेले. प्रो कबड्डी लीगमध्ये बदललेला नियम म्हणतो, चढाईपटू बाहेर गेला तिथे चढाई संपली, मागचे सुरक्षित. दोन नियम, दोन निकाल, आणि सुवर्णपदक त्यांच्या मधोमध. निर्णय झाला, फिरला, पुन्हा फिरला. दोन्ही संघ आळीपाळीने मैदानात ठाण मांडून बसले. सामना तासाभराच्या आसपास थांबला, आणि शेवटी भारत 33-29 ने जिंकला.

त्या तासाभरात सगळ्यात जास्त वेळ होता, पाच सेकंदांची सबब नव्हती. बारा वाक्यांत हे दोन नियम समजावता आले असते. हॉलमधल्या पन्नास जणांना ते मी समजावले, एका कॅरम बोर्डावर सोंगट्या मांडून. टीव्हीवर मात्र "ही आपल्यावर अन्यायाची परिसीमा आहे" आणि "इराण रडीचा डाव खेळतंय" एवढंच आळवलं जात होतं. इराणचं म्हणणं नव्या नियमाने अगदी मुद्द्याचं होतं, आपलं जुन्या नियमाने. रडीचा डाव कोणाचाच नव्हता. चूक असलीच तर स्पर्धा सुरू होण्याआधी कोणता नियम लागू हे सर्वांच्या डोक्यात पक्कं बसवलं नाही, त्यांची. हे ऐकायला सनसनाटी नाही, पण त्या दिवशी तेवढंच खरं होतं.

आता तुमच्याकडे, म्हणजे चाहत्यांकडे वळतो. तुम्हीच विचारलंत की आपण जास्त चिकित्सक झालोय का. थोडं झालोय, आणि कधी चुकीच्या जागी. उच्चाराची चूक, इराणी खेळाडूचं नाव तिरकं घेतलं, एखाद्याचं गाव सांगलीऐवजी सातारा सांगितलं, यावर लोक जितके तुटून पडतात तितके बोनसच्या चुकीवर पडत नाहीत. आपल्या संघाविरुद्ध बोलला की अडाणी, बाजूने बोलला की अभ्यासू, हेही चालतं. हे मी प्रेक्षकांत बसून ऐकलंय. "आपल्या मातीतला खेळ" हे वाक्य चाळीस मिनिटांत नऊ वेळा ऐकून मात्र माझंही डोकं उठतं. खेळाडू मॅटवर बूट घालून खेळतायत, माती गेली. तिच्याऐवजी त्या नऊ वाक्यांत कव्हरबद्दल बोला.

आणि बोलणं वाटतं तेवढं सोपं नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या स्पर्धेत नेहमीचा निवेदक आजारी पडला आणि माइक माझ्या हातात दिला. नियम तोंडपाठ, आवाज खणखणीत, म्हटलं यात काय. पहिल्याच सामन्यात मी गर्जून जाहीर केलं, "आणि लोण! लोण चढलेला आहे!" दोन क्षण शांतता. मग कठड्याला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराचा आवाज आला, "मास्तर, तो एक काय खांब म्हणून उभा केलाय?" डाव्या कोपऱ्यात एक गडी उभा होता. सगळं मैदान हसलं, तो गडीसुद्धा हसला. पंच म्हणून उभा असतो तर तो मला शंभर टक्के दिसला असता. बोलताना डोळे अर्धे बंद होतात, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

म्हणून माझं म्हणणं, त्यांना हाकला असं नाही. समालोचकाच्या कानात "एनर्जी" म्हणणारा आवाज आहे, तिथे "पाच गडी, तिसरी चढाई, अठरा सेकंद" म्हणणारा दुसरा एक आवाज बसवा. हे काम एखादा निवृत्त पंच मानधनावर आनंदाने करेल. खर्च एका ग्राफिकपेक्षा कमी. चढाई सुरू होताना तीन सेकंद घाम न दाखवता मैदान दाखवा. मध्यंतरात एकच पकड घ्या, एकच, आणि ती सातही जणांच्या पायांवरून उलगडून सांगा. वाहिनीला लिहायचं असेल तर असं नेमकं लिहा. "तुमचे तज्ज्ञ बिनडोक आहेत" या पत्राचं काय होतं ते मी पाहिलंय. ते खोलीत मोठ्याने वाचतात आणि हसतात. "अमुक सामन्यात, उत्तरार्धात, समोर पाच गडी असताना बोनस नाकारल्याची तक्रार केली गेली, ती चूक होती" या पत्राला मात्र खोलीत कोणी हसत नाही. पुढच्या दिवशी त्या माणसाच्या हातात नियमांची झेरॉक्स असते. हे मी दोनदा घडताना बघितलं आहे.

आवाज बंद करावा का? पूर्ण नको. पंचांची शिट्टी, चढाईपटूचा दम, बाकावरून प्रशिक्षकाची हाक, यातून बरंच कळतं. बारीक ठेवा. चढाई सुरू व्हायच्या आधी समोरचे गडी मोजा, चढाई कितवी ते लक्षात ठेवा, आणि घड्याळाकडे एक नजर टाका. एवढं झालं की चढाईपटूला विसरा आणि पूर्ण तीस सेकंद फक्त एका कॉर्नरच्या पायांकडे बघा. पहिले दोन-तीन सामने कंटाळा येईल. मग एके दिवशी पकड होण्याच्या अर्धा सेकंद आधी तुमच्या तोंडून "गेला" निघेल, आणि स्टुडिओतला माणूस तेव्हा अजून मागच्या चढाईबद्दल बोलत असेल.

तुमच्या मुलीला गडी मोजता येतात, म्हणजे निम्मी पंच झालीच. आता तिला बोनसच्या वेळी मागचा पाय बघायला सांगा: हवेत होता की जमिनीला टेकलेला. पहिल्या दहा चढायांत तिला ते दिसणार नाही, मलाही दिसलं नव्हतं. रिप्ले लागला की पडद्याच्या खालच्या भागाकडे बघ म्हणावं, वरच्या नाही.